देवाला दिलेली मुदत

३ मार्च, सोमवार

नाही म्हणजे नाहीच. आजही फोन नाही. देवा, हे काही बरोबर नाही तुझं. मंडळातल्या वत्सलाबाईंनी नातवाच्या लायसनसाठी प्रार्थना केली, आठवड्यात लायसन हातात. तो पोरगा गाडी कशी चालवतो ते अख्ख्या शरणपूर रोडला ठाऊक आहे, तरी तू दिलंस. आणि मी काय मागितलं? घरातली सून घरी यावी. एवढंच. सुवर्णाने आपणहून फोन करावा, मम्मी माझं चुकलं म्हणावं, आणि कळवणहून एसटीत बसावं. यात तुझं काय जातं?

महिना होत आला तिला माहेरी जाऊन. कारण काय, तर आमच्या घरी महिला मंडळाची सभा होती आणि मी तिच्यासाठी प्रार्थना केली. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेलं. आता हे बायकांना सांगितल्याशिवाय त्या प्रार्थना कशाची करणार? देवाला सगळं माहीत असतं, बायकांना नसतं. मी प्रेमानेच केली. कुणाला सांगू नका म्हणाली होती ती, पण प्रार्थना म्हणजे काय सांगणं झालं? सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, माझेही. ती चहा घेऊन दारात कधी आली मला काय ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरली आणि गेली.

ही डायरी माझ्या मुलाच्या, जीवनच्या कंपनीची, अंबडची. पाळकसाहेब चर्चच्या कॅम्पात म्हणाले होते, देवाशी काय बोलता ते लिहीत जा. मी चौथी शिकलेली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण लिहिते. वाचणार कोण?

देवा, शुक्रवारपर्यंत फोन आला पाहिजे.

५ मार्च, बुधवार. सकाळी

आजपासून उपासकाळ. ईस्टरपर्यंत गोड बंद. कुणाला टाकून बोलणार नाही. कुणाच्या माघारी बोलणार नाही.

तीच तारीख. दुपारी

चहातली साखर गोडात धरत नाहीत. पाळकसाहेबांना विचारलं नाही, पण धरत नसावेत.

ह्यांना टाकून बोलले. पण कैरीच्या लोणच्याची बरणी निम्मी रिकामी, आणि डॉक्टरने बीपीमुळे ह्यांचं मीठ बंद केलंय. म्हटलं, चोरून खाता का या वयात? ह्यांनी नुसतं हसून दाखवलं. ह्यांचं असंच. छप्पर पडलं तरी हसतील.

७ मार्च, शुक्रवार

सभा आशाबाईकडे. प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या तेव्हा मी हात वर केला. नाव अजिबात घेतलं नाही. एवढंच म्हटलं, माझ्या घरातून माहेरी जाऊन बसलेली एक व्यक्ती आहे, तिचं मन प्रभूने नरम करावं. आशाबाई म्हणाली, नाव नका सांगू आक्काबाई, पोचलं. दोघीतिघी खाकरल्या. सर्दीचे दिवस आहेत.

फोन नाही. देवा, मंगळवारपर्यंत वाढवून देते.

९ मार्च, रविवार

आजचा उपदेश एकदम टोकदार. देवाला द्यायला आणलंय ते तसंच बाजूला ठेवायचं, आधी जाऊन दुखावलेल्या माणसाशी समेट करायचा, मग यायचं. कुणासाठी आहे ते मला लगेच कळलं. वत्सलाबाई जावेशी कित्येक वर्षं बोलत नाहीत. मी कोपराने ढोसलं. त्यांनी त्याच वेळी मला ढोसलं. म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेब दारात हात मिळवत उभे होते. सरळ विचारलं, साहेब, देव ऐकतो का नाही? ते म्हणाले, तुम्ही प्रार्थना कशी करता आक्काबाई? म्हटलं, रोज पहाटे तासभर, खंड नाही. म्हणाले, त्या तासात गप्प किती वेळ असता? म्हटलं, गप्प बसले तर मला काय पाहिजे ते त्याला कळणार कसं? साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, ते त्याला कळलंय हो. आता त्याचंही काही म्हणणं असेल. दहा मिनिटं द्या त्याला बोलायला.

मागून आशाबाई म्हणाली, दहा? साहेब, दोनापासून सुरू करा.

१० मार्च, सोमवार. पहाटे

गप्प बसले. दूधवाला अजून आला नाही. कुरडयांचा गहू भिजत घालायचा राहिलाय. जीवन सेकंड शिफ्टहून आला तो न जेवताच झोपला. मेसचा डबा खातो म्हणे, आईच्या हातचं आता चालत नाही. हे सगळं मनातच बोलले, तोंड बंदच होतं.

मग जरा निवलं. आणि कपबशांचा आवाज आला. ट्रेमध्ये कप एकमेकांना लागतात तसा, बारीक. उठून स्वयंपाकघरात बघितलं. कुणी नाही. ट्रे ओट्यावर भिंतीला टेकवलेला, जागच्या जागी.

हा सैतान. देव बोलायच्या वेळेला मुद्दाम अडथळा आणतो. येशूच्या नावाने त्याला धमकावलं, मोठ्याने. हे उठून आले, म्हणाले, सकाळी सकाळी कुणाशी भांडतेस?

देव काही बोलला नाही.

१३ मार्च, गुरुवार

रोज तेच. पाच मिनिटं शांत झालं की कप वाजतात. ट्रे माळ्यावर टाकला. तिथूनही वाजतो.

जीवनने विचारलं, ट्रे कुठंय? म्हटलं, कोण येतंय आता आपल्याकडे. तो म्हणाला, मम्मी, तू सुवर्णाला फोन का करत नाहीस? म्हटलं, मी देवाला सांगितलंय, तो तिच्याकडून करवून घेईल. तो म्हणाला, देवाकडे तिचा नंबर असेल मम्मी, पण तुझ्याकडेही आहे.

काय बोलायची पद्धत ही. बायको गेली की मुलगे फाटक्या तोंडाचे होतात.

शेजारच्यांनी होळीची पुरणपोळी आणून दिली. प्रेमाने आणलेलं परत करणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. दोनच खाल्ल्या.

मंगळवारची मुदत कधीच गेली. देवा, आता पुढचा शुक्रवार. त्यापुढे मी काही देणार नाही.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. सकाळपासून डीजे, भिंती हादरतात. अशात देव बोलला तरी ऐकू कुणाला जाणार? आजचं गप्प बसणं माफ. बरंच वाटलं खरं तर.

लोणच्याची पहिली बरणी संपली. ह्यांचं बीपी मात्र नॉर्मल. मला काही कळेना.

२१ मार्च, शुक्रवार

सभा वत्सलाबाईंकडे. शेवटची प्रार्थना आशाबाईने धरली. आधी देशासाठी, मग आजाऱ्यांसाठी. मग आवाज खाली आणला. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, मीही तिथेच आवाज खाली आणते. म्हणाली, प्रभू, आमच्यातली एक बहीण आहे. तिच्या जिभेपायी तिची सून गेली. मुलगा मेसचा डबा खातो. तिला नम्र कर, प्रभू.

नाव घेतलं नाही.

मी डोळे उघडले. आशाबाईचेही उघडेच होते. माझ्याकडेच बघत होती. बघून थांबेल असं वाटलं. थांबली नाही. कोपऱ्यातून कुणीतरी होय प्रभू, होय प्रभू म्हणत होतं, त्यावर तिची प्रार्थना आणखी चढली. चांगली चालली की थांबवत नाही माणसाला. मला माहीत आहे ते.

आमेन झालं. सगळ्यांनी डोळे उघडले आणि सगळ्यांनी आपापल्या बशीत बघितलं. चहा न घेता निघाले. माझ्यासाठी प्रार्थना झाली होती, आणि मला भर बाजारात पदर ओढल्यासारखं वाटत होतं.

आज मुदतीचा दिवस होता. फोनचं लक्षातच राहिलं नाही.

२२ मार्च, शनिवार. पहाटे

गप्प बसले. कप वाजले. आज धमकावलं नाही.

३ तारखेला लिहिलंय ते खोटं आहे. माझे डोळे उघडे होते. एक डोळा मी नेहमीच उघडा ठेवते, कोण रडतंय, कोण पेंगतंय ते बघायला. सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. मी दोनदा गेलं म्हणत होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून. हात थरथरला तिचा, तेव्हा कप वाजले. मी बघितलं. बघून पुढे बोलले. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. बायका डोळे पुसत होत्या, वत्सलाबाई तर हुंदके देत होत्या, माझ्या प्रार्थनेला असं कधी झालं नव्हतं. आमेन होईपर्यंत ती तशीच उभी. चहावर साय धरली होती.

आणि त्या दिवशी मी तिला म्हणाले, चहा गार आणलास.

हे खोडणार नाही. राहू दे.

ठरलं. आज फोन करते. कुरडया घालून झाल्या की लगेच.

तीच तारीख. संध्याकाळी

कुरडया घातल्या तर ढग आले. सगळं आत आणेपर्यंत चार वाजले. फोन उद्या.

पण समेट रिकाम्या हाताने कसा करायचा? म्हटलं, उद्या जीवन कळवणला जातोय, त्याच्याबरोबर लोणचं बांधून द्यावं. फडताळात बघते तर दुसरी बरणीही नाही. ह्यांना गाठलं. हे वाटाणे सोलत बसले होते. मान वर केली नाही. म्हणाले, दर रविवारी जीवन नेतो. मीच भरून देतो. तिला आंबट लागतंय.

मी म्हटलं, तिला कुठं लोणचं आवडतं, पानात वाढलं तरी बाजूला...

मग मी खालीच बसले.

चौथा लागला म्हणाले. कळवणच्या डॉक्टरीण बाई सगळं ठीक म्हणतात, फक्त जिवाला घोर नको.

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. म्हणजे त्या दिवशी दारात उभी होती तेव्हाही होतं. कुणाला न सांगता जपत होती, आणि मी सगळ्यांसमोर तिचं पोट मोकळं म्हणून रडत होते.

मला का नाही सांगितलं म्हणून ओरडले. ओरडायला नको होतं. हे म्हणाले, तुला गुरुवारी सांगितलं असतं तर शुक्रवारी सभेत गेलं असतं. म्हटलं, निदान देवाने तरी सांगायचं. रोज पहाटे बसते त्याच्यापुढे. हे म्हणाले, त्यालाही सुवर्णाने बजावलं असेल.

या वेळी हसले नाहीत. वाटाण्याची टोपली माझ्यापुढे सरकवली. दोघांनी मिळून सोलले.

त्या सभेत मी मागितलेलं मूल त्याने आधीच देऊन टाकलं होतं. मी सोडून घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

२३ मार्च, रविवार

चर्चमध्ये आशाबाई म्हणाली, आक्काबाई, चेहरा का उतरलाय, काही विनंती आहे का? तोंडापर्यंत आलं होतं. देवाची शपथ, ओठावर आलं होतं. नाही म्हटलं. जीभ चावली ती अजून दुखतेय.

फोन नाही केला. रविवारी लोकांना त्रास देऊ नये.

२४ मार्च, सोमवार. अकरा वाजता

केला.

दोन रिंगा झाल्या आणि उचलला. बोला मम्मी म्हणाली. मी सगळं पाठ केलं होतं. पण तोंडातून निघालं, प्रभूची स्तुती असो, तिकडं ढग आहेत का, आमच्या कुरडया वाळेनात, वत्सलाबाईंच्या नातवाने गाडी गटारात घातली, जीवन वाळून काटकी झालाय, ह्यांचं बीपी नॉर्मल आहे. ती काहीच बोलेना. मला वाटलं लाइन कटली. हॅलो हॅलो केलं. ती म्हणाली, आहे मी. तुमचं झालं की सांगा.

मग मी गप्प बसले. तीही गप्प. तिच्या मागे अंगणात कोंबड्या ओरडत होत्या. बराच वेळ तेवढंच ऐकलं.

मी म्हटलं, माझे डोळे उघडे होते.

ती म्हणाली, माहितीये. मी बघत होते ना तुमच्याकडे.

मी म्हटलं, शनिवारी पहाटे देवाची माफी मागितली मी. ती म्हणाली, ते त्याचं आणि तुमचं तुम्ही बघा मम्मी. माझी कुठं मागितली?

तशी मागणारच होते मी. तोंड उघडलंही होतं. पण ती म्हणाली, फोनवर नको. या शुक्रवारची सभा आपल्या घरी लावा. मी येते, चहा मीच आणते. त्याच सगळ्या बायका पाहिजेत, आशाकाकूही. आणि प्रार्थनेत सांगायचं नाही. डोळे मिटून देवाला सांगायचं नाही. माझ्याकडे बघून, नाव घेऊन, मला सांगायचं. पोटातल्याविषयी मात्र एक शब्द नाही, ते माझं आहे. जमेल का?

आशाबाईसमोर. त्या आशाबाईसमोर, जी सगळ्या गंगापूर रोडला सांगेल.

मी म्हटलं, प्रार्थना करून सांगते.

ती म्हणाली, प्रार्थना नको मम्मी. हो का नाही, तेवढं सांगा. बुधवार संध्याकाळपर्यंत.