एका विहिरीवरच्या दोन मोटा

चि. सौ. भिवरास मंजुळाआक्काचे पोटभर आशीर्वाद. परवा दारात आधी कोण आलं म्हणशील, तर आश्रुबा! वरच्या आळीचा म्होरक्या. माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हता (माझ्या म्हशीनं त्याची ज्वारी खाल्ली, म्हशीला काय कळतंय कुणाचं रान ते). त्याच्या मागनं खालच्या आळीचा गहिनीनाथ, तो तर त्याहून जुना अबोला. तुझी कंबर कशी हाय? एरंडेल चोळीत जा.

तर सरकारानं आमच्या गावात अंजुमन काढलीय, म्हणजे सगळ्यांनी मिळून गावाचं भलं करायचं. मिळून विहीर खणली, पाणी बी लई लागलं. पण पहिली मोट कुणाची, यावर दोन्ही आळ्या हटून बसल्या. पाण्याला कुणी शिवेना, मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या. त्यात बीडच्या साहेबाचा सांगावा, मी येईन तेव्हा मोट चालती दिसली न्हाई तर अंजुमन मोडली समजा. मग पंच नेमायचा, तो कुणाच्याच बाजूचा नको. दोघांशीही वाकडं असलेलं गावात एकच माणूस निघालं, तुझी आक्का! (हसू नकोस, लुगडं नवं नेसले होते.)

मी म्हणलं, दोघंबी एकदमच सोडा की मोटा. सोडल्या. बैलांच्या उतरत्या धावा विहिरीच्या दोन अंगांना समोरासमोर, बैल पाठीला पाठ करून निघाले, अन् मधी मोटांचे दोन्ही दोर-नाडे असे गुंतले की मोटा विहिरीच्या पोटात नुसत्या लोंबकळल्या.

"मागं घे बे बैल!" आश्रुबा वरडला.

"आमी कावून घ्यावं? तूच घे की!"

एवढ्यात साहेब हजर. शेवटी खालच्या आळीचे बैलच (माणसांपरीस शहाणे) दमून मागं सरले, अन् दोन्ही मोटा आश्रुबाच्या पाटात रित्या झाल्या. मग त्याचे बैल मागं सरले, तशा गहिनीनाथाच्या पाटात. आश्रुबा म्हणतो, पहिलं पाणी माझ्या पाटाला. गहिनीनाथ म्हणतो, पाटाचं राहू दे, पहिली रिती झाली ती माझी मोट. दोघंबी खूश! साहेब तर घोड्यावरनं उतरून म्हणाला, असा एकोपा सबंध जिल्ह्यात पाहिला न्हाई.

तुझी,
आक्का

ता.क. नाडे त्याच सांजेला सुटले. मोटा कोरड्या पडल्यात अन् पुन्हा पहिली कुणाची ते चाललंय. मी स्वतः गुंतवून पाहिले, वढले की सुटतात. तुझे धाकटे दीर बद्रीनाथ यांनी आपल्या शिवकन्येच्या लग्नात मारलेली गाठ विळ्यानं कापावी लागली होती. नाड्यांना तसलीच गाठ पायजे, त्यांना घेऊन तातडीनं ये, रोपं जळायला लागलीत. साहेब त्याच्याबी वरच्या मोठ्या तालुकदाराला आमचा एकोपा दाखवायला बुधवारी येतो म्हणून गेलाय.