मार्लो की दोन पिक्स

२ फेब्रुवारी

केदार त्याच्या टीममधला मार्लो द्यायला तयार आहे! आमच्या बास्केटबॉल लीगमधला सगळ्यात भारी गार्ड. बदल्यात आमचा होल्टन, शिवाय दोन ड्राफ्ट पिक्स, म्हणजे नवा खेळाडू निवडायचे हक्क. वर्षाला एकच मिळतो – येत्या ऑक्टोबरचा आणि त्याच्या पुढचा.

लुटुपुटूच्या लीगसाठी माणूस किती डोकं शिणवतो! मॉरिसव्हिलमधली आठ मराठी घरं, खेळाडू खरे, टीम कागदावरच्या, पण भांडणं खरी. खेळाडूंचे पगार पॉइंटांत, कॅप म्हणजे मर्यादा शंभरची. आमचे अठ्ठ्याऐंशी झालेत. होल्टनचे बारा गेले, मार्लोचे चोवीस आले – बरोबर शंभर. तीनदा बेरीज केली.

पण पिक्स दिले तर पुढची दोन वर्षं टीम बोंबलणार. आणि नाही दिले तर? लेक उर्वी ऑगस्टला सिअ‍ॅटलला जाणार, कॉलेजला. ती सहावीत असल्यापासून आम्ही दोघं ही टीम चालवतोय. कप एकदाही नाही. यंदा नाही तर कधी?

३ फेब्रुवारी

उर्वीला विचारलं. फोनमधून मान वर न करता म्हणाली, "नको बाबा. कीप द पिक्स."

मला कळेना. जी पोरगी इथे नसणार, तिला पुढच्या ड्राफ्टचं काय पडलंय? ड्राफ्ट म्हणजे लीगप्रमुख राजेशच्या बेसमेंटमध्ये दिवसभर बसायचं, टीम चालवणारं प्रत्येक माणूस जातीनं हजर हवं, नाहीतर पिक बाद – राजेशचा नियम!

४ फेब्रुवारी

परत विचारलं. परत नको. शैलजा म्हणते, बायकोचं नाही तर निदान मुलीचं तरी ऐक.

५ फेब्रुवारी

काहीच ठरत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये वहीवर शंभर, शंभर लिहीत बसलो.

६ फेब्रुवारी

डोक्यात प्रकाश पडला! ती माझ्यासाठी नको म्हणतेय. आपण गेल्यावर बाबाकडे निदान बरी टीम राहावी म्हणून. वेडी!

आपल्याकडे पंगतीत पाहुणा नको नको म्हणत पानावर हात आडवा धरतो. आई बोटांच्या फटीतून जिलबी सोडायचीच. पाहुणा खायचाही. तेव्हा ठरलं. वाढायचंच.

७ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी तीनची डेडलाइन. दहा मिनिटं आधी बटण दाबलं. मार्लो आपला!

उर्वीला सरप्राइज म्हणून स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, "मी दोनदा नो म्हटलं होतं, बाबा." आणि खोलीत गेली. जेवायलाही आली नाही.

माझं काय चुकलं तेच समजत नाही. केदारला फोन केला, तर डेडलाइननंतर काही फिरवता येत नाही म्हणाला.

संध्याकाळी शैलजानं घरचं कॅलेंडर उघडून पुढे धरलं. ऑक्टोबर २०२६. ऑक्टोबर २०२७. दोन्हीकडे उर्वीनं लिहिलेलं – ड्राफ्टसाठी घरी.

८ फेब्रुवारी

सकाळी कॅलेंडर परत उघडलं. दोन्ही नोंदी काढून टाकल्यात.

कालच्या मॅचनंतर आम्ही लीगमध्ये पहिले आहोत. मला मार्लो नको.