मलपृष्ठावरच्या चार ओळी

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुम्हाला लिहायला बसले ते एका गाईडपायी. नेवाशाजवळच्या तुमच्याच शाळेत मी आता दहावीला इंग्रजी शिकवते. गाईडवाल्यांची माणसं अजूनही जूनमध्ये येतात, 'कॉम्प्लिमेंटरी कॉपी, विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारलेलं पुस्तक टेबलावर ठेवतात आणि वर्गात आपलंच नाव निघावं म्हणून गोड बोलतात. तुम्ही ती प्रत घरी आणायचात. आई भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून लाल पेनानं पानन्‌पान तपासताय, आणि पुढच्या जूनला तोच माणूस आला की रंगलेली प्रत त्याच्या हातात देताय. "तुम्ही फुकट दिलंत, मी फुकट तपासून दिलं." तो बिचारा अर्धा चहा टाकून उठायचा.

'कॉम्प्लिमेंटरी' हा शब्द तुम्हीच आम्हाला नववीत शिकवलात. पाहुण्यानं जेवून स्वयंपाकाला नावाजलं तर ते कॉम्प्लिमेंटरी बोलणं, लॉजवाल्यानं खोलीबरोबर चहा फुकट पाजला तर तो कॉम्प्लिमेंटरी चहा. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, कौतुक आन फुकट एकाच शब्दात कसं काय?" तुम्ही म्हणालात, "दोन्ही समोरच्यानं आपणहून द्यायचं असतं. मागून घेतलं तर हा शब्द लावू नका." मीही आता वर्गात हेच सांगते, बहुधा तुमच्याच आवाजात.

यंदा जो आला त्यानं सगळ्या वर्गाला गाईड मोफत देऊ केलं. बदल्यात मलपृष्ठावर छापायला माझ्या नावानं चार ओळी कौतुकाच्या हव्या होत्या. पुस्तक चाळलं, तर उत्तरं अर्धवट आणि व्याकरणाची बोंब. आमचे शिपाईमामा म्हणाले, "म्याडम, चार वळीच तर हायेत. पोरांची सोय व्हईल." ते खोटं नव्हतं, निम्म्या पोरांकडे काहीच पुस्तक नव्हतं. आणि मी दमले होते, नाना. सकाळी मतदार यादीचं काम, दुपारी ऑनलाईन माहिती भरणं, मधे कुठंतरी शिकवणं. मी लिहून दिलं, 'प्रत्येक विद्यार्थ्याने जवळ ठेवावे असे निर्दोष मार्गदर्शक.' निर्दोष हा शब्द त्यानं मागितलाही नव्हता. तो मीच पदरचा घातला.

परवा पुस्तकं छापून आली. आज तासाला त्यातलं एक उत्तर चुकीचं आहे म्हणून मी बरोबर उत्तर फळ्यावर लिहिलं. सगळ्यांनी उतरवून घेतलं, पहिल्या बाकावरच्या मुलीनं नाही. वर्गातली सगळ्यात मन लावून शिकणारी मुलगी ती. पुस्तक उलटं करून मला दाखवत शांतपणे म्हणाली, "म्याडम, पुस्तकातलंच बराबर आसंल. हितं तुमीच लिवलंय की, निर्दोष म्हनून." तिला मला टोचायचं नव्हतं. तिचा माझ्यावर विश्वास होता, एवढंच. तास संपला, आणि तिच्या वहीत गाईडातून उतरवलेलं चुकीचं उत्तर तसंच राहिलं.

उद्या तिला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. हे पत्र तर कुठं पाठवायचंच नाही. पण संध्याकाळी घरी आले, तुमची खुर्ची रिकामी दिसली, आणि आज पहिल्यांदा मला त्याचं बरं वाटलं.