जांभळी बोटं आणि शून्य रुग्ण

४ जून
पायाची तीन बोटं जांभळी! खाज, आग, बूट घालवेना. बायको म्हणाली, बूट चावला असेल. दोन वर्षं न चावलेला बूट आजच कसा चावेल? कंपनीच्या फाटकावर रोज शंभर कपाळांचा ताप तपासणारा माणूस मी. आधी स्वतःचं कपाळ तपासलं. सत्त्याण्णव. म्हणजे काही नाही.

५ जून
आता पोटावरही पुरळ. ताईने फोनवर उष्णता ठरवली, शेजाऱ्यांनी ढेकूण. ढेकूण म्हटल्यावर बायकोने पुरळ सोडून शेजाऱ्यांशीच वैर धरलं.

७ जून
त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना फोनच्या कॅमेऱ्यातून पाय दाखवले. म्हणाल्या, कोरोनात काहींच्या त्वचेवर असं उमटतं, ताप येईलच असं नाही; आजच तपासणी करा, घरी थांबा. मी म्हटलं, दहा तारखेनंतर करतो. दहाला कंपनीत 'शंभर दिवस, शून्य रुग्ण' सोहळा आहे — प्रशस्तिपत्र मलाच.
"विषाणूला तारीख कळवलीत का?"
बाईंनी विचारलं. मी फोन ठेवला.

८ जून
गेलो कामावर. मोज्यांवर मोजे. एका हमालाला ताप निघाला, जेमतेम शंभर. उन्हातून चालत आलोय, म्हणत होता. नियम म्हणजे नियम, असं सांगून घरी धाडलं. आत बोटं ठणकत होती.

१० जून
सोहळा थाटात. मॅनेजरसाहेब कोपराला कोपर लावून म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आपण सुरक्षित. पॅकिंगच्या मावशींनी कौतुकाने चहा हातात आणून दिला. मास्क काढून प्यायलो. गप्पाही मारल्या.

१२ जून
काल तपासणी, आज निकाल. पॉझिटिव्ह.
पॅकिंगच्या मावशी सकाळपासून ऑक्सिजनवर आहेत. माझ्यामुळेच. दुसरं कोण? कंपनीत शून्य रुग्ण होते ना.
बायको ताट दाराशी ठेवून गेली.

१३ जून
लक्षणं कधी दिसली, ते आरोग्य खात्याला कळवायचं होतं. तेवढ्यात साहेबांचा फोन. झापतील वाटलं. आवाज खाली आणून म्हणाले, "तारीख दहाच्या पुढची टाका. अहो, माझी बोटं तर मेअखेरपासून जांभळी आहेत."
खात्याला दोन्ही तारखा कळवल्या. माझी आणि त्यांची.