कोपऱ्यातली लाल ओळ

३ मार्च, सोमवार

गेलं! माझं जुनं सॉफ्टवेअर आजपासून बंद. सकाळी स्टुडिओत पोचलो तर मशीनवरून काढूनही टाकलेलं. मॅडम म्हणाल्या, "सवय झाली की तुम्हीच म्हणाल, आधी का नाही बदललं." स्टुडिओ त्यांचा, हुकूम त्यांचा. पण एडिटिंगला त्या कधी बसल्या नाहीत. त्यांना वाटतं, जुनी चप्पल काढून नवी घालायची, एवढंच!

इतकी वर्षं त्या जुन्यावर कट मारले. डोळे मिटूनही मारले असते. आज पहिला साधा कट मारायला घाम फुटला. समोर नुसतं काळपट मैदान आणि त्यात मी माउस घेऊन चाचपडतोय.

५ मार्च, बुधवार

शिकवायला एक बाई आल्या आहेत. माझ्याच वयाच्या, शांत, कामात पक्क्या. पण दिवसभर एकच पालुपद — "सर, वर बघा. वरच आहे ते."

मी बघतो, नसतं. त्या बोट ठेवतात — असतं! असं आज किती वेळा झालं. शेवटी त्या बोट न ठेवताच थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी बायकोने विचारलं, "जमतंय का?" म्हटलं, "त्यात काय आहे न जमण्यासारखं!"

६ मार्च, गुरुवार

शॉर्टकट सगळे पाठ झाले. बाईंनी विचारले, एकही चुकला नाही. मग बिघडतंय कुठे?

१० मार्च, सोमवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

अग्निशमन दलावरच्या आमच्या माहितीपट मालिकेचा मी एडिट केलेला भाग काल टीव्हीवर लागला. त्यात एक बाई आहेत — त्यांचा नवरा आग विझवताना गेला. त्या पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बोलल्या होत्या. त्यांचा चेहरा यायला हवा तिथेच पडदा काळा! नुसता आवाज. त्या बाई सासरच्यांना, मुलांना घेऊन टीव्हीसमोर बसल्या होत्या म्हणे.

मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "पाठवण्याआधी सूचना आली नव्हती?"

"नाही."

"कोपऱ्यात लाल अक्षरांत येते!"

"आली नव्हती, मॅडम. शपथेवर सांगतो."

ढोल्याला विचारलं. ढोल्या म्हणजे आमचा साउंडवाला, माझा जुना यार. तो माझ्या बाजूने बोलेल अशी खात्री होती. त्याने माझ्या मशीनवर तोच भाग उघडला, वर कोपऱ्यात बोट ठेवलं. लाल ओळ — तीन क्लिप सापडत नाहीत. "अरे, मला मागून दिसतेय," म्हणाला.

मी ओरडलो. ही आत्ता कोणीतरी टाकलीय, तुम्ही सगळे सामील आहात, असंही बोलून गेलो. ढोल्याला! त्याचा चेहरा उतरला. पण ती ओळ तिथे नव्हती. नव्हतीच!

११ मार्च, मंगळवार

मला काढायचा घाट घातलाय यांनी. दुसरं काय असणार?

नाहीतर माझं डोकं फिरत चाललंय. दोन्हीतलं कुठलं बरं, ते ठरवता येत नाही.

१३ मार्च, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीनंतर एकटाच काम करत होतो. कोणीतरी खाकरलं. बघतो तर अगदी खांद्याला लागून ढोल्या उभा! केवढा दचकलो.

"कधी आलास?"

"मघाशीच. चहाचा कप नाचवतोय तुझ्या कपाळापुढे. अजून रागावलायस?"

"कुठे नाचवलास?"

त्याने कप ठेवला, खुर्ची ओढून समोर बसला. "माझ्या नाकाकडे बघ. फक्त नाकाकडे. हात दिसला की सांग."

मी बघत राहिलो. त्याचं बटाट्यासारखं नाक. हसू येत होतं मला. बऱ्याच वेळाने त्याचा हात वरून खाली आलेला दिसला. म्हटलं, "आला."

ढोल्या हसला नाही. मग हळूच म्हणाला, "गाढवा, केव्हापासून हलवतोय मी हात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल. तू येत नसशील तर वहिनींना फोन करतो."

डोळे? मला तर सगळं लख्ख दिसतंय. हे अक्षरसुद्धा.

१५ मार्च, शनिवार

अंधारी खोली. एका यंत्रात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं. प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. बस, एवढंच.

ठिपका — दाबलं. ठिपका — दाबलं. मग काहीच नाही. मी वाट बघतोय. काहीच नाही. विचारलं, "मशीन बंद पडलं का हो?"

तपासणाऱ्या मुलीने सांगितलं, "चालू आहे, काका. बोलू नका, समोर बघा."

यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. म्हणजे ठिपके येत होते! एकामागून एक येत होते आणि मी बटणावर अंगठा ठेवून बसलो होतो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. खोटंखोटं बटण दाबावंसं वाटलं. एकदा दाबलंही.

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर धरला. दोन गोल, दोन्हींचा वरचा भाग काळा. "काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. आजचा नाही, काही वर्षांचा असणार."

"पण मला काळं काहीच दिसत नाही!"

"दिसणारच नाही. जिथे दिसत नाही, तिथे मेंदू आजूबाजूचं बघून भरून काढतो."

म्हणजे माझ्या डोक्यात बसून कोणीतरी एडिटिंग करतंय. आणि इतकं सफाईदार की मलाही जोड सापडला नाही!

त्यांना कामाचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही बघून काम करतच नव्हता. कुठे काय आहे ते हाताला ठाऊक होतं. हे नवीन आलं नसतं तर अजून दोन-तीन वर्षं कळलं नसतं." गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली औषधाच्या थेंबांनी टिकवायची. टिकेल ना, विचारलं. "बहुतेक," म्हणाल्या.

बहुतेक.

१६ मार्च, रविवार

बायको आधी कडाडली. "इतके दिवस एकट्याने गिळत बसलात? मी काय परकी आहे?" मग थेंब टाकायला बसली. तिचाच हात इतका कापत होता की पहिला थेंब नाकावर, दुसरा गालावर. "हलू नका ना हो!" "मी नाही, तू हलतेयस." दोघं हसलो. मग ती आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

सकाळी जाग आली तरी डोळे उघडले नव्हते मी. रात्रीत आणखी थोडं गेलं असेल तर? उघडल्यावर तरी कसं कळणार होतं!

१७ मार्च, सोमवार

मॅडमना सांगितलं. वाटलं, आता हिशेब मिटवतील. त्या म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलंत?" "मलाच माहीत असतं तर सांगितलं असतं." शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्या सूचना ओढून स्क्रीनच्या खालच्या भागात आणून ठेवल्या — तसं करता येतं म्हणे! तूर्त मी एडिट करायचं, पाठवण्याआधी ढोल्याने तपासायचं. तूर्त. हा शब्द मॅडमनी दोनदा वापरला.

ज्यांचा चेहरा दिसला नाही, त्या अग्निशमनवाल्याच्या बायकोला फोन करून माफी मागितली. म्हणाल्या, "आवाज तर आला ना."

१८ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय — हा आजार घराण्यात असतो, सख्ख्या भावंडांना तपासून घ्या. भावंडं म्हणजे एकटी ताई. शाळेची व्हॅन चालवते, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. फोन केला तर माझ्यावरच उखडली. "मला काय धाड भरलीये? चष्मासुद्धा लागला नाही मला! तू तुझं बघ." पण माझा रडवेला सूर ऐकून विरघळली. "बरं बाबा, येते शनिवारी. पोरांना सुट्टी असते."

२२ मार्च, शनिवार

ताई अंधाऱ्या खोलीतून बाहेर आली. माझ्याकडे न बघता तिथेच उभ्याउभ्या शाळेत फोन लावला. "सोमवारपासून व्हॅनला दुसरा ड्रायव्हर बघा. नाही, सोमवारीसुद्धा मी येणार नाही." मग माझ्या शेजारी बसली, माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "परवा एक पोर सायकलवरून एकदम गाडीपुढे आलं. थोडक्यात वाचलं रे. मी काच खाली करून त्यालाच शिव्या घातल्या."