जाहिराती न कापलेली कॅसेट

आई, तुझ्या कॅसेटी मी इकडे ओटावाला घेऊन आले. दादाने माळा साफ करायला काढला होता आणि भंगारवाल्यानेसुद्धा त्या बघून नाक मुरडलं, म्हणून त्या माझ्या बॅगेत आल्या. जागा करायला भाजणीचा डबा काढून ठेवावा लागला, ते तुला मुळीच आवडलं नसतं. तू गेल्याला आता सोळा वर्षं होतील. तुझ्या कॅसेटींनंतर 'रेकॉर्डिंग' हा शब्दच आमच्या घरातून जवळजवळ गेला. आधी सीडी आल्या, मग केबलवाल्यांचा डबा आला. तो मालिका आपला आपण साठवून ठेवतो आणि एक बटण दाबलं की जाहिराती ओलांडून पुढे जातो. माझ्या लेकीला तर साठवायचं कशाला हेच कळत नाही. सगळं कुठेतरी असतंच, हवं तेव्हा लावायचं. आत्ता चुकलं की कायमचं गेलं, ही धास्ती तिला ठाऊकच नाही.

तुला ती पुरेपूर होती. बाबा चिंचवडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला, आणि मालिका नेमकी त्याच वेळेला. मामाने मस्कतहून आणलेल्या व्हीसीआरचा रिमोट वायरीचा होता आणि वायर काही दिवाणापर्यंत पुरत नव्हती. म्हणून तू खाली चटईवर बसायचीस, समोर निवडायची मेथी, आणि उजवा अंगठा पॉजच्या बटणावर. जाहिरात लागली की दाबायचं, संपली की सोडायचं. "ह्यांना जाहिराती चालत नाहीत," म्हणायचीस, पण खरं तर टेप वाया गेलेली तुलाच चालत नव्हती. नळ वाहता ठेवल्यासारखं वाटायचं तुला. तेवढा वेळ तुझ्याशी बोलायची कोणाची टाप नव्हती. मालिका तू धड कधी पाहिलीच नाहीस, तू आपली जाहिरातींवर डोळा ठेवून बसलेली असायचीस.

इथल्या जुन्या प्लेयरवर आपल्याकडच्या कॅसेटी चालत नाहीत, चित्र नुसतं लोळत राहतं. म्हणून त्या एका दुकानात देऊन आले, कॉम्प्युटरवर उतरवून द्या म्हटलं. दुकानदार लुधियानाकडचा, वयस्कर. लेबलं बघून म्हणाला, "बहनजी, ये सीरियल तो पूरा ऑनलाइन पड़ा है, एकदम क्लीन. ये क्यों करवा रही हो?" "माँ की हैं," एवढंच म्हणाले. त्याने पावती लिहून दिली. आठवड्याने त्याचा फोन आला. "एक कॅसेट में गड़बड़ है जी. ॲड्स हैं, फिर न्यूज़ है, आधा घंटा कचरा. ट्रिम कर दूँ?" कर दो म्हणायला मी तोंड उघडलंच होतं. मुलगी तुझीच, कचरा ठेवायचा कशाला? पण तुझ्या कॅसेटमध्ये जाहिराती? मी त्याला म्हटलं, राहू दे, आहे तसंच दे.

रविवारी मी आणि लेक बघायला बसलो. मालिका आता सहन होत नाही, हे सांगून टाकते. आम्हाला मजा आली ती तुझ्या अंगठ्याची. तू दर वेळी किंचित उशीर करायचीस. साबणाच्या जाहिरातीतल्या बाईने तोंड उघडलं की कट, सायकलची घंटा अर्धी वाजली की कट. प्रत्येक कटला लेक हसून टाळ्या वाजवत होती. मग ती कॅसेट लागली. कोर्टात थोरली सून साक्षीला उभी राहिली, खोबरेल तेलाची जाहिरात सुरू झाली आणि संपेपर्यंत चालली. मग कुकरची, मग चहाची. "आय थिंक आजी फेल अस्लीप, मॉम," लेक म्हणाली. तू बसल्या जागी डुलक्या काढणाऱ्यांतली नव्हेस. आणि ती तेलाची जाहिरात मला चांगलीच आठवत होती, कारण तिच्यावर आवाज चढवून मी बोलले होते.

बोलायचं नाही हा नियम मोडून मी त्या संध्याकाळी आत आले होते, पाकीट हातात. "आई, कॅनडाचं झालं गं. कागद आले." तू मान वर केलीस. "बरं झालं," म्हणालीस, आणि जरा थांबून, "आमटी गरम आहे, जेवून घे." बस्स. दुसऱ्या दिवशी साऱ्या बिल्डिंगला पेढे वाटलेस. विमानतळावरसुद्धा ताकाला तूर लागू दिली नाहीस. आमची आई खंबीर, असं मी इथे लोकांना कौतुकाने सांगत आले. पण मला ते लागलं होतं, आई. निदान एकदा 'जाऊ नकोस' म्हणशील असं वाटलं होतं.

व्हीसीआर खोलीतलं काही ऐकत नाही. कॅसेटमध्ये माझा आवाज नाही, तुझाही नाही. जाहिराती संपतात, मालिका परत येते, पुन्हा जाहिराती, मालिका संपते, बातम्या लागतात, हवामान होतं आणि एका अर्ध्या वाक्यावर टेप संपते. एवढा सगळा वेळ रिमोट तुझ्या हातात होता. मी रडले वगैरे नाही, पण शेवटापर्यंत बंदही केलं नाही. लेक मध्येच उठून ग्रोसरीला गेली.

ती सप्टेंबरात कोक्विटलामला चालली आहे, नोकरी लागली तिकडे. देशाचं पार दुसरं टोक. गेल्या महिन्यात तिने मला सांगितलं तेव्हा मी सोफ्यावर टीव्ही बघत बसले होते. "बरं झालं," मी म्हणाले. "तिकडे बर्फ कमी, विंटर टायर्स तरी लागणार नाहीत."

"दॅट्स इट, मॉम?" असं म्हणून ती वर तिच्या खोलीत गेली.

त्या संध्याकाळी डब्यातली मालिका लावली होती आणि रिमोट माझ्याच हातात होता. जाहिराती आल्या, मी एकही ओलांडली नाही. हे तुला लिहून झालं. तिला अजून सांगितलेलं नाही.