मंगळवारीही धूर

मॅडिसन, १० जानेवारी १९७२

तीर्थरूप बाबांस,

सा. न. वि. वि. (साष्टांग इथल्या बर्फात घातला तर एकदम एप्रिलातच उठता येईल, म्हणून उभ्यानेच.)

तुमच्या किनाऱ्यावरच्या टेलिफोनच्या तारा वादळात पडल्याचं रेडिओवर ऐकलं. म्हणजे आता पत्रंच. इथे तळी गोठली, माझ्या गाडीचं दार गोठलं, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांची कल्पनाशक्ती तर केव्हाच गोठली होती. हिवाळ्यावर निबंध लिहायला सांगितला, तर जो तो बर्फाची पांढरी चादर अंथरतोय. मी समासात लिहिलं, आधी तिच्यावर झोपून दाखवा. इंग्रजी शिकवता शिकवता केस पिकले, पण थंडीचं खरं इंग्रजी मला आपल्या गावानेच शिकवलं. पारा उणे पंचवीसवर गेला की 'जरा गार', आणि नाक गळून पडायच्या बेताला आलं की 'थंडी पडेलसं दिसतंय'.

आई गेल्यावर आपलं जे ठरलंय ते विसरू नका. घर तापवणारी तळघरातली भट्टी आणि तुम्ही, दोघं धड असाल तोवर तिथे राहायचं. दोघांतलं एक जरी बिघडलं तरी माझ्याकडे यायचं. तेव्हा खरं काय ते कळवा. नुसतं 'बरं आहे' लिहिलंत तर नापास करीन.

लोभ आहे हे मला ठाऊक आहे. तो कागदावर चार ओळी वाढवून दाखवा.

तुमची,
ऐली


बर्च खाडी, १५ जानेवारी

चि. ऐलीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बरं आहे. जरा गार आहे.

पेन्सिलीने लिहितोय, दौतीतली शाई कामाची राहिली नाही. लोण्याला सुरी लागत नाही, आरी आणावी म्हणतो. मांजर घरात थांबत नाही, अंगणातल्या सौनेत चुलीपाशीच असतं. मीही त्याच्या सोबतीला बसतो. मंगळवारीही तापवली होती. भट्टीचं विचारलंस. ती शांत आहे. शेजारच्या सायमाने लांबून हात केला, मीही केला.

मुलांना नापास करू नकोस. त्यांच्या आया रडतात.

तुझा बाप,
विल्हो


मॅडिसन, १८ जानेवारी

श्रीमती सायमामावशींस,

स. न. वि. वि. क्षेमकुशल विचारायला वेळ नाही, राग मानू नका.

बाबांचं पत्र आत्ता आलं. दुसऱ्यांचं लिहिलेलं उकलून बघणं हाच माझा पोटाचा धंदा, पण असं आजवर काही वाचलं नव्हतं. शाई घरातल्या टेबलावर गोठलीय. लोणी दगड झालंय. आणि आपल्या फिन लोकांत आंघोळीची सौना शनिवारी तापते, मावशी. जन्मात कधी मंगळवारी तापलेली मी पाहिली नाही. भट्टी बंद पडलीय. माझ्याकडे यावं लागू नये म्हणून म्हातारा आंघोळीच्या खोलीत राहायला गेलाय.

उत्तरेकडचा रस्ता बंद आहे, बस सुटत नाही. जिल्ह्याच्या गावी शेरीफच्या कचेरीत तेवढा फोन लागला. पत्र लिहिणारा माणूस जिवंत असतो, असं तिथल्या गृहस्थांनी मला समजावलं. मी म्हटलं, लिहिताना असतो. पत्र पोचेपर्यंतचं कोणी सांगावं?

तुम्ही जा. कसं काय म्हणून विचारू नका, बरं आहे म्हणतील. सरळ आत शिरा.

तुमच्या पाया पडते. या वेळी रीत म्हणून नव्हे.

ऐली


बर्च खाडी, २२ जानेवारी

चि. ऐलीस अ. उ. आ.

आधी हे वाच. विल्हो माझ्या स्वयंपाकघरात आहे आणि माझ्या कॉफीला नावं ठेवतोय. आता बस आणि पुढचं वाच. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडलीत. राहतात की जातात, ते डॉक्टर आठवड्याने सांगणार.

चूक माझी. त्याच्या सौनेतून रोज धूर निघताना मी बघत होते. धूर आहे म्हणजे माणूस आत उघडा बसलाय, आणि आपल्यात अशा वेळी कोणी दार वाजवत नाही. मी आपली सभ्यपणे, याची आंघोळ कधी आटपते म्हणून वाट बघत बसले. म्हातारपणी स्वच्छतेचं खूळ लागलं म्हणून एकटीच हसलेही.

बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याने तुझं पत्र दिलं. ते वाचून खिडकीतून पाहिलं, तर धूर नव्हता.

कमरेएवढ्या बर्फातून गेले. दार वाजवलं नाही, ढकललं. कोट, टोपी, दोन घोंगड्या आणि वर मांजर. चुलीत राख. लाकडं पलीकडे शेडमध्ये रचलेली, पण तिथवर जायला पाय उठत नव्हते. मला बघून म्हणाला की आज शनिवार नाही. मी म्हटलं, मूर्खा, कोटासकट आंघोळ करणारा तू गावात पहिलाच. घसरगाडीवर घालून ओढत आणला. आपण चालू शकतो, असं वाटभर ऐकवत होता.

तुला कळवू नको म्हणून गयावया केली. त्याचं घर सुटेल म्हणे. तरी कळवतेय. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं तर टाकू दे, बोलायला तो असला म्हणजे झालं.

तुझी,
सायमा


बर्च खाडी, ३१ जानेवारी

चि. ऐलीस आशीर्वाद.

बोटं राहिली. डॉक्टरने आज सांगितलं.

भट्टी नाताळच्या दुसऱ्या दिवशीच गेली. तुला सांगितलं असतं तर तू नेलं असतंस. सौनेतली चूल विझल्यावर मी दाराकडे बघत बसलो होतो. कोणी येईलसं वाटत नव्हतं. तेव्हा तू नेलं असतंस तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं. हे एकदाच लिहितोय.

ठरलं तसं वागतो. रस्ता सुटला की ये. मांजरही येणार, त्यावर वाद नको.

काल सायमाबरोबर घरी गेलो. नळ फुटलेत, पाणी बंद केलं. तुझ्या आईच्या खोलीची खिडकी खिळे मारून घेतली. मग कुलूप घालायला दाराशी आलो, आणि किल्ली कुठे असते ते आठवेना. सायमाने सगळे खण उपसले. किल्ली मिळाली नाही. घर बांधल्यापासून आत कोणीतरी असायचंच.

दार ओढून घेतलंय.

विल्हो